कसे लागते?

परदेशी सिगारच्या पेटीसोबत तिच्या चवीचे जे वर्णन छापून येते, ते साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी लक्षपूर्वक वाचावे असे आम्हांस वाटते. प्रारंभी काळी मिरी आणि ओली माती; मध्यावर कमावलेले कातडे, कोको, भाजलेले बदाम; अखेरीस कडक कॉफी आणि सीडरचे लाकूड – साधारण या थाटाची ती यादी असते. तीत क्रियापद नसते, कर्ता नसतो. नुसती नामे एकापुढे एक मांडलेली. वाण्याची यादी आणि भावकविता यांच्या सीमेवरचा हा वाङ्मयप्रकार आहे. त्याची टिंगल करणे सोपे आहे, आणि आम्ही ती मनसोक्त केली. (कमावलेले कातडे चाखून पाहिलेला मनुष्य आम्हांला अद्याप भेटायचा आहे.) परंतु टिंगल करून झाल्यावर प्रश्न उरतोच: मग या चवीला म्हणायचे तरी काय? आणि मराठीत म्हणायचे झाले तर काय?

आम्ही म्हणजे मराठी शिकवण्यात हयात घालवलेले चौघे. दोघांनी उमेदीच्या वर्षांत विड्या-सिगारेटी ओढल्या होत्या आणि पुढे सोडल्या होत्या. तिसऱ्याने कधीच काही ओढले नव्हते. चौथ्या आमच्या निपाणीच्या बाई, ज्यांनी ओढणार नाही असे पहिल्याच दिवशी सांगितले आणि तरीही प्रत्येक बैठकीस आल्या. परदेशी स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या पावसाळ्यात तीन प्रकारच्या सिगारी आणून दिल्या: एक डोमिनिकन प्रजासत्ताकातली, एक निकाराग्वातली, एक क्यूबातली. तिन्ही साधारण एकाच मापाच्या, पाचएक इंच लांब आणि ज्यांचा घेर त्या व्यवहारात 50 म्हणून सांगतात त्या. म्हणजे इंचाचे 64 भाग केले तर 50 भाग व्यासाच्या. तीन रविवार, तीन संध्याकाळी, आमच्यापैकी एकाच्या घराची मागची गॅलरी. कागदी पट्ट्या काढून चिठ्ठ्यांवर आकडे घातले. बैठक संपेपर्यंत बोलायचे नाही, वहीत लिहायचे. नियम दोनच: शब्द मराठी हवा, आणि एखाद्या वस्तूचे नाव घ्यायचे तर ती वस्तू लिहिणाऱ्याने स्वतः हुंगलेली वा चाखलेली हवी. या दुसऱ्या नियमाने कातडे आणि सीडर तत्काळ बाद झाले.

सीडरविषयी मात्र थोडे विषयांतर करायला हवे, कारण भाषांतर करणाऱ्यांच्या ते कामी येईल. शब्दकोशात पाहून कोणीही 'देवदार' लिहून मोकळा होईल. पण सिगारच्या पेट्या ज्या लाकडाच्या करतात ते 'स्पॅनिश सीडर' खरे तर सीडर नव्हेच. ते मध्य अमेरिकेकडचे, महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातले झाड. आपल्याकडे ज्याला तूण म्हणतात तो त्याचा इतका जवळचा नातलग, की वनस्पतिशास्त्रज्ञ एके काळी दोघांना एकाच प्रजातीनामाखाली घालत. म्हणजे जो वास आम्हांला हिमालयातला वाटला असता, तो वास्तविक जुन्या तुणी कपाटाच्या आतला निघाला. असे कपाट आमच्यापैकी एकाच्या आजोळी होते. त्यामुळे तो शब्द नियमात बसून पुन्हा वहीत आला.

सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, हे ओढून सोडलेल्यांना शिकायला वेळ लागला. तो तोंडात खेळवायचा, सोडायचा, आणि मधूनमधून त्यातला थोडा नाकावाटे बाहेर काढायचा. जिभेला कळतात त्या चवी मोजक्याच; बाकीचे सारे काम घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचे असते. सर्दी झाल्यावर फोडणीची आमटीही पाणचट लागते ती याचमुळे. छातीत न घेताही सिगारचे निकोटिन अंगात भिनते, कारण तिचा धूर अल्कधर्मी असतो आणि तोंडाच्या अस्तरातूनच ते शोषले जाते. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग 'आम्ही धूर गिळत नाही' म्हणणाऱ्याला वगळत नाही. हे ठाऊक असूनच आम्ही बसलो होतो, हे नोंदवून पुढे जातो.

पहिल्या रविवारची सिगार डोमिनिकन निघाली. तिचे बाहेरचे पान अमेरिकेतील कनेटिकट खोऱ्याच्या पद्धतीने, कापडाच्या मांडवाखाली सावलीत वाढवलेले: पातळ, फिकट, जवळजवळ रेशमी. धूर सौम्य. वहीत तिघांनीही वाळल्या गवताचा उल्लेख केला. एकाने 'साय' लिहिले, आणि मग ते खोडून 'सायीवरचा धूर' केले. चुलीवर दूध तापत असताना लाकूड ओले निघाले की जो प्रकार होतो, तो. शेवटच्या भागात थोडी कडवट झाली, पण भांडण उकरून काढण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

दुसरी निकाराग्वाची. ती पेटताच तोंडात मिरीची चरचर आणि नाकात ठसका. पाचएक मिनिटांत तो ओसरला आणि खाली काहीतरी गडद, गोडसर, गुळाच्या काकवीजवळचे लागू लागले. एस्तेली भागाची जमीन काळी, ज्वालामुखीच्या राखेची. तिथला पाला जोरकस येतो, हालापा खोऱ्यातला त्याहून मवाळ. दोन्ही एकत्र वळले की असा तिखट-गोड झगडा होतो म्हणतात. आम्हांला झगडा पूर्णपणे पटला. न ओढणारे आमचे स्नेही तीन-चार झुरक्यांनंतर भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "लागली." बाकीच्यांनी त्यांना गुळाचा खडा दिला.

येथे वहीतला पहिला खरा शोध लागला. मराठीत 'लागणे' हे एकच क्रियापद चवीचेही आहे आणि भोवळीचेही. आमटी खारट लागते, सुपारी लागते, तंबाखू लागते. पहिल्या वाक्यात जिभेचा निवाडा आहे, दुसऱ्या-तिसऱ्यात देहाचा. सिगारचे जाणकार 'चव' आणि 'ताकद' या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवतात: चवीला भरदार असलेली सिगार निकोटिनला हलकी असू शकते, आणि उलटही. ही वाटणी योग्यच आहे. पण आपल्या भाषेने ती केलेली नाही, आणि न करण्यात काही शहाणपण असावे असा संशय आम्हांला येतो. 'कसे लागते?' या प्रश्नात पदार्थ कर्ता आहे आणि आपण ज्याला लागते तो. चव आपण घेतो असे म्हणण्यापेक्षा ती आपल्याला येऊन भिडते असे हे व्याकरण सांगते. ठसका लागतो, चटक लागते, आगही लागते. पेटलेल्या पानाच्या बाबतीत यापैकी एकही अर्थ दूरचा नव्हे.

तिसऱ्या रविवारी क्यूबाची, पार्तागासची रोबुस्तो. (पार्तागास हा कारखाना 1845 सालचा, हवानात त्याहून जुने नाव उपमान यांचे, 1844चे.) हिच्यावर आमचे एकमत झाले नाही, आणि तीच आम्हांला सर्वांत आवडली. मिरी होती पण निकाराग्वासारखी अंगावर येणारी नव्हे. गोडी होती पण काकवीची नव्हे. एकाने 'पहिल्या पावसाच्या आधीची माती' लिहिले. दुसऱ्याने त्यावर पेन्सिलने आक्षेप नोंदवला की हे चवीचे वर्णन नसून पाठ्यपुस्तकाचे आहे. आक्षेप मान्य झाला. मग 'मातकट' सुचवले गेले, आणि तिथे आम्ही बराच वेळ अडलो.

कारण मराठीजवळ या कामाला लागणारी विशेषणे मुबलक आहेत, पण त्यांतली बहुसंख्य तक्रारीची आहेत. मातकट, धुरकट, जळकट, तेलकट, करपट, कुबट, उबट, ओशट, वशट, खवट, मचूळ. ज्या प्रत्ययाने आपण पोरकट आणि कळकट म्हणतो त्याच प्रत्ययाने मातकट म्हणतो. शब्द उच्चारताच नाक मुरडले जाते. इंग्रजीत मातीचा उल्लेख सिगारची थोरवी सांगतो, मराठीत 'मातकट' म्हटले की हंड्यातले पाणी ओतून द्यावेसे वाटते. उलट स्तुतीचे शब्द, खमंग आणि खरपूस, थेट स्वयंपाकघरातून आलेले आहेत आणि तिथून फार लांब यायला तयार नाहीत. खमंग थालीपीठ असते, खमंग चिवडा असतो, फार तर खमंग चर्चा. खमंग धूर? आमच्यातल्या एकाने तो शब्द तीन वेळा लिहून तीन वेळा खोडला. विडी ओढणाऱ्या माणसाला विचारले तर तो स्तुतीदाखल एकच शब्द वापरतो: कडक. त्यात चव आणि 'लागणे' दोन्ही आले, आणि धनी मोकळा झाला.

मग इंग्रजी माहितीपत्रकाची नामावळी आम्हांला थोडी सहानुभूतीने पाहता आली. तिला आपल्या अलंकारशास्त्रात नाव आहे: ती लुप्तोपमा आहे. 'कोकोसारखे काहीतरी' यातले 'सारखे' गाळले की 'कोको' उरतो. सिगारीत कोको नसतो, मिरी नसते, बदाम नसतात. चांगल्या सिगारीत पानाखेरीज, आणि टोकाशी पान चिकटवायला लावलेल्या चिमूटभर वनस्पतीजन्य डिंकाखेरीज, काहीच नसते. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावून देताना जेवणाचाच दाखला घेतला: नाना व्यंजनांच्या मिश्रणातून रस निष्पन्न होतो आणि सुमनस् माणसे तो आस्वादतात. पुढच्या टीकाकारांनी पानकरस आणला, ज्याची चव घटकांपैकी कोणा एकाची नसते. तिथे घटक हजर असतात आणि चव त्यांच्यापलीकडची असते. इथे चव हजर आहे आणि घटक मात्र कल्पिलेले. म्हणजे माहितीपत्रकाचा लेखक पानकरस चाखून त्यात नसलेली वेलची मोजतो आहे. समीक्षेत हे आपण रोज करतो. एखाद्या कवितेत 'बालपणीची हुरहुर' सापडली असे म्हणतो, तेव्हा ती तिथे घटक म्हणून असते की आपण लुप्तोपमा केलेली असते, हा प्रश्न वर्गात विचारून पाहण्याजोगा आहे. अभिनवगुप्ताने आस्वादाला 'चर्वणा' म्हटले आहे. तंबाखूच्या संदर्भात महाराष्ट्रात हा शब्द फारच वाच्यार्थाने घेतला जाईल, ते सोडा.

चवीतला फरक कोठून येतो, याचे उत्तर मात्र अलंकारशास्त्रात नाही. ते रोपट्यावर आहे. तंबाखूच्या झाडाची वरची पाने सर्वांत जास्त ऊन खातात: जाड, तेलकट, निकोटिनने भरलेली, सावकाश जळणारी. क्यूबात त्यांना लिहेरो म्हणतात. मधली सेको, सुवासासाठी. खालची बोलादो, जी चवीला किरकोळ पण नीट जळते आणि बाकीच्यांना जळत ठेवते. वळणारा लिहेरो गाभ्यात ठेवतो, भोवती बाकीची, मग बांधणीचे पान, मग दिसायला निर्दोष असे बाहेरचे. आणि या सर्वांआधी मुरवणे. वाळवलेली पाने ओलसर करून ढीग रचतात. ढीग आतून तापतो, अमोनिया सुटतो, उष्णता फार वाढू नये म्हणून तो मोडून पुन्हा रचतात. कच्चा, नाकाला झोंबणारा उग्रपणा इथे जातो. क्यूबाच्या कोइबात काही पाने तिसऱ्यांदा मुरवतात, तिच्या मऊपणाचे कारण ते सांगतात.

आणि निकाराग्वा व क्यूबा यांच्यात आम्हांला जे भावंडांचे साम्य जाणवले, ते कल्पित नव्हते. 1959च्या क्रांतीनंतर कारखाने सरकारजमा झाले, पुष्कळ तंबाखूवाले देश सोडून गेले आणि क्यूबाचे बियाणे निकाराग्वा, होंडुरास, डोमिनिकन प्रजासत्ताक येथील मातीत रुजले. फेब्रुवारी 1962मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला. 1964 साली मायामीत होसे ओर्लांदो पाद्रोन नावाच्या एका क्यूबन निर्वासिताने भेट मिळालेल्या हातोडीवर सुतारकाम करून जमवलेल्या पैशातून सिगारीचा उद्योग काढला, आणि पुढे निकाराग्वाची तंबाखू नावारूपाला आणणाऱ्यांत त्याचे नाव झाले. तेव्हा दोन सिगारींची तुलना करताना आपण एकाच बियाण्याचे मायदेशातले आणि परागंदा असे दोन जन्म ताडून पाहत असतो. क्यूबाचे विचारवंत फेर्नांदो ओर्तिस यांनी 1940 साली तंबाखू आणि साखर यांचा 'प्रतिवाद' मांडणारे पुस्तक लिहिले आणि 'ट्रान्सकल्चरेशन' ही संज्ञा त्यातच घडवली. सांस्कृतिक अभ्यासाच्या वर्गात ती संज्ञा सर्वजण वापरतात. ती तंबाखूच्या पानातून निघाली हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आपलाही धागा आहे. 'चिरूट' हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला, पण त्यांना तो तमिळ 'सुरुट्टु'वरून मिळाला – गुंडाळी. पोर्तुगीज आजही सिगारला 'शारुतू' म्हणतात, तेही तिथूनच. आणि अकबराला तंबाखू पहिल्यांदा दाखवली ती विजापूरहून आलेल्या असद बेगने, 1604-05च्या सुमारास. बादशहाने दोन-चार झुरके घेतले आणि हकिमाने हरकत घेतली. तेव्हाही कोणी त्याला 'कसे लागते?' विचारले असेलच.

आता बाईंविषयी. पहिल्या रविवारी त्यांनी पेटवण्याआधीच्या तिन्ही सिगारी हातात घेतल्या, पायथ्याकडून हुंगल्या, आणि ओळीने मांडून ठेवल्या: मवाळ, मधली, कडक. आम्हांला जो क्रम तीन आठवडे धूर गिळत-सोडत सापडला तो हाच होता. तिसऱ्या बैठकीनंतर वही वाचताना 'खमंग' हा शब्द चौथ्यांदा निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तो शब्द नका घालू. आई वखारीतनं घरी यायची तेव्हा तिच्या लुगड्याला हाच वास असायचा. आम्ही भावंडं तिच्या कुशीत जायला भांडायचो आणि गेलो की शिंकायचो. ती विडीला कधी शिवली नाही, पण रात्रभर खोकायची. ढीग उलटायचं काम. आत हात घातला की ऊब लागते, आणि खकाणा वर येतो. उबट म्हणा. तक्रारीचा शब्द आहे म्हणता ना? मग बरोबर आहे."

कोणी काही बोलले नाही. मग आमच्यातल्या एकाने वाद घातला, आणि तो वाद आम्ही अजून मिटवलेला नाही. त्याचे म्हणणे असे की चवीचा शब्द जर तिच्या मागच्या श्रमाने ठरायचा, तर साखरेला गोड म्हणता येणार नाही; आस्वाद ही स्वतंत्र गोष्ट आहे आणि तशीच राहिली पाहिजे, नाहीतर साहित्याचाही केवळ जमाखर्च होईल. बाईंचे म्हणणे की त्यांनी श्रमाविषयी काही सांगितलेलेच नाही. त्यांनी वासाचा अचूक शब्द सांगितला आहे, आणि तो अचूक आहे कारण त्या वासात त्या वाढल्या आहेत. आमच्या दुसऱ्या नियमाने तर त्यांचीच नोंद ग्राह्य होती. उरलेल्या आम्हां दोघांना बाईंचे पटले, पण पहिल्याचे भय निराधार आहे असेही म्हणवत नाही.

हवानाच्या कारखान्यांत 1865पासून कामगारांसाठी मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. वाचकाचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत आणि कादंबरी कोणती हे मतदानाने ठरे. मॉन्टेक्रिस्टो हे सिगारीचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आले ते या वाचनामुळेच, असे सांगतात. फ्लॉरिडातील टॅम्पा येथे 1931 साली मालकांनी वाचकांचे मंच काढून टाकले आणि रेडिओ बसवले. आपल्याकडे कण्णूरच्या विडीकामगारांतही अशीच पद्धत होती: एक जण वर्तमानपत्र वाची, आणि त्याच्या वाटणीच्या विड्या इतर वळत. निपाणीच्या वखारींत असे काही होते का, असे आम्ही बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, वाचणाऱ्याने तोंड उघडले असते तर ते खकाण्याने भरले असते. युगांतर या गटाने 1982 साली तिथल्या स्त्री-कामगारांवर 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. त्याच्या शीर्षकातच ऊब आहे, हे आम्हांला बाईंनी सांगेपर्यंत लक्षात घ्यायचे कारणच पडले नव्हते.

वही आमच्यापैकी एकाकडे आहे. क्यूबाच्या सिगारपुढच्या रकान्यात 'मातकट' खोडून 'उबट' लिहिलेले आहे, त्याच्यापुढे कंसात एक प्रश्नचिन्ह, आणि त्या प्रश्नचिन्हावर बाईंच्या लाल शाईची, उत्तरपत्रिकेवर असते तशी, आडवी रेघ.